पाच अरत्नी ते दोन मीटर साठ

गाळप हंगाम सुरू झाला की जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातले रस्ते अरुंद होतात. डांबर तेवढेच असते, खड्डेही जागच्या जागी असतात. पण वडीगोद्रीहून अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली की उरलेल्या जगाला साइडपट्टीवरून चालावे लागते. ट्रॅक्टरमागे एक नव्हे, दोन ट्रॉल्या. दोन्ही अंगांनी बाहेर आलेली उसाची टोके. मागचा दिवा असलाच तर वाढ्यांच्या आड गेलेला. समोरून येणारा दुचाकीस्वार आधी गाडी खाली उतरवतो, मग ट्रॉली किती रुंद आहे याचा अंदाज घेतो. हे सगळे इतके अंगवळणी पडले आहे की या रुंदीला कायद्याची काही मर्यादा आहे, हे सांगितले तर लोक हसतात.

मर्यादा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ९३ प्रमाणे वाहनाची एकूण रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त असता कामा नये. आरशांसारखे किरकोळ भाग तेवढे या मापातून वगळले आहेत. ऊस वगळलेला नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये एक पोटकलम घातले: वाहनाच्या सांगाड्याबाहेर बाजूंना, पुढे, मागे किंवा परवानगीपेक्षा उंच माल आला, तर दंड २०,००० रुपये, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च वाहनाच्या माथी. नियमात संदिग्ध काही नाही. तरीही दरवर्षी हंगामाच्या तोंडावर आरटीओ आणि पोलीस ट्रॉल्यांना लाल परावर्तक पट्ट्या लावतात, वर्तमानपत्रात फोटो येतो, आणि दोन मीटर साठचा विषय पुढच्या ऑक्टोबरपर्यंत मिटतो. पट्टी लावणे चांगलेच. पण पट्टी लावणे म्हणजे ट्रॉली रुंद असणार हे आधीच मान्य करणे.

हा आकडा कुठल्या टेबलावर सुचलेला नाही. त्याला मोठा इतिहास आहे आणि त्यातला बराचसा आपल्याच अंगणातला आहे. कौटिल्याच्या नावावरच्या अर्थशास्त्रात दुर्गनिवेशाच्या प्रकरणात रस्त्यांची मापे दिली आहेत. राजमार्ग चार दंडांचा, रथाची वाट पाच अरत्नींची, गुरांची चार, शेळ्यामेंढ्या आणि माणसांची दोन. अरत्नी म्हणजे चोवीस अंगुळे, साधारण दीड फूट. म्हणजे रथाची वाट साडेसात फूट, सव्वादोन मीटरांहून थोडी जास्त. चार दंडांचा राजमार्ग चोवीस फुटांचा, सव्वासात मीटरांचा. आज रस्त्यांची मानके ठरवणारी भारतीय रस्ते काँग्रेस दुपदरी रस्त्याला सात मीटर डांबर मागते. दोन हजार वर्षांत चाक लाकडाचे रबरी झाले, बैलाच्या जागी डिझेल आले, पण एका वाहनाला लागणारी जागा हातभरसुद्धा वाढली नाही. जोखडाखाली दोन जनावरे शेजारी शेजारी उभी केली की गाडीची रुंदी जवळजवळ ठरतेच. पुढे यंत्रानेही तीच जागा घेतली.

अंबडपासून पैठण लांब नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासटिपणात, ज्याला आपण पेरिप्लस म्हणतो, पैठणचा आणि तगर म्हणजे तेरचा माल गाड्यांत भरून, रस्ता नसलेल्या लांबलचक मुलखातून भडोचला येतो असे लिहिले आहे. पैठणहून गोमेद जातीचे दगड, तेरहून कापड. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर. रस्ता नव्हता तिथे रुंदीचा कायदा करणार कोण? नदीचा उतार, घाटाची खिंड आणि पुढच्या गाडीने पाडलेली चाकोरी हेच मोजमाप. चाकोरीत न बसणारी गाडी भडोचला पोहोचतच नसे.

नंतरची काही शतके मी भराभर ओलांडतो, कारण अंबडच्या रस्त्यांच्या दृष्टीने त्यांत फार काही घडले नाही. अंबड परगणा होळकरांकडे होता. १८१८ च्या मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख होळकरांच्या हातून गेला आणि अंबड निजामाच्या राज्यात आले. मत्स्योदरी देवीच्या जत्रेला गाड्या येत राहिल्या, कापूस जालन्याच्या पेठेत जात राहिला.

खरी गंमत पुढे आहे, आणि ती तलाठ्याच्या दप्तरात सापडते. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५ पासून इंदापुरात जी जमीनमोजणी सुरू केली, तिच्या धर्तीवरची मोजणी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या सुधारणांच्या काळात मराठवाड्यात आली. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. गावनकाशावर गाडीवाट दुहेरी तुटक रेघेने दाखवतात. तिची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. साडेसोळा म्हणजे अर्धी साखळी. पायवाट एकेरी तुटक रेघेची, सव्वाआठ फुटांची; म्हणजे पाव साखळी. सव्वाआठ फुटांचे मीटर करून पाहा: २.५१. आजच्या कायद्याने रस्त्यावर येऊ शकणारी सर्वांत रुंद ट्रॉली एकोणिसाव्या शतकातल्या पायवाटेपेक्षा जेमतेम चार बोटे रुंद आहे! आणि एकवीस फुटी गाडीवाटेवर अशा दोन ट्रॉल्या एकमेकींच्या शेजारून जाण्याएवढी जागा सरकारने तेव्हाच राखून ठेवली होती, डोळ्यांसमोर फक्त बैलगाडी असताना.

ती जागा गेली कुठे, हे अंबड तालुक्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. तो शेजाऱ्याच्या बांधाकडे बोट दाखवेल, आणि शेजारी त्याच्या. दरवर्षी नांगराचे एक तास वाटेत घातले की वीस वर्षांत गाडीवाटेची पाऊलवाट होते. मग तहसीलदारांपुढे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली अर्ज, किंवा जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून रस्ता मागणे, स्थळपाहणी, पंचनामा, तारखा. २०२५ साली महसूल विभागाने शेतरस्ते शक्यतो तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्यावर व्हावी असे ठरवले, ते याच दुखण्यापोटी. दीडशे वर्षांपूर्वी पाच मीटर दिलेले असताना आज तीन मीटर मिळवण्यासाठी धडपडायचे, ही आपली प्रगती. उसाची ट्रॉली रस्त्यावर का मावत नाही याचा विचार करताना ती शेतातून बाहेर कशी येते हेही पाहायला हवे. वाट चिंचोळी आणि चिखलाची म्हणून ट्रॅक्टरवाला खेपा कमी करतो, आणि खेपा कमी करायच्या म्हणून एका खेपेत जास्त भरतो.

मोटारींच्या युगातले नियम घडवण्यात मराठी माणसांचा आणि मराठी गावांचा हात मोठा आहे. १९२७ साली नेमलेल्या रस्तेविकास समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. पेट्रोलवर कर बसवून मध्यवर्ती रस्तेनिधी उभारावा ही त्यांच्या समितीची शिफारस. १९३४ साली भारतीय रस्ते काँग्रेस स्थापन झाली तीही त्याच कामाच्या ओघात. १९४३ साली देशभरातले मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही उतरंड ठरली. आपण आज ज्या भाषेत रस्त्याबद्दल तक्रार करतो ती भाषा नागपूर आराखड्याची आहे. दरम्यान १९३९ चा मोटार वाहन कायदा आला होता; तो बदलून १९८८ चा आला आणि १ जुलै १९८९ पासून लागू झाला. रस्ते काँग्रेसने १९८३ साली रस्त्यांच्या आखणीसाठी जे वाहन गृहीत धरले त्याची रुंदी अडीच मीटर. एकपदरी रस्ता ३.७५ मीटर, मधला ५.५, दुपदरी ७.

या आकड्यांची सांगड घालून पाहावी. खेड्याला जाणारा एकपदरी रस्ता ३.७५ मीटरचा. त्यावर कायद्यात बसणारी २.६ मीटरची ट्रॉली आली तर बाजूला १.१५ मीटर डांबर उरते. तेवढ्यातून दुचाकी जाते, शाळेची मुले जातात. आता ट्रॉलीत मोळ्या आडव्या रचल्या आणि ऊस दोन्हीकडे एकेक फूट बाहेर आला, की रुंदी ३.२ मीटर होते. उरले ५५ सेंटिमीटर. तेवढ्यातून दुचाकीचे हँडलही जात नाही. शेतात आठ-दहा फूट वाढलेला ऊस आडवा टाकला की फूटभर बाहेर येणे ही काही कोणाची हौस नव्हे. उसाची उंचीच ट्रॉलीच्या रुंदीपेक्षा जास्त आहे. कापसाच्या ट्रॉलीचेही तेच. जाळी लावून दाबलेला मोकळा कापूस बाजूंना फुगतो, पण तो निदान मऊ असतो.

अंबडला ही रुंदी आली ती कालव्याबरोबर. १९६५ च्या ऑक्टोबरात लालबहादूर शास्त्रींनी पैठणला जायकवाडी धरणाची कोनशिला बसवली आणि १९७६ च्या फेब्रुवारीत इंदिरा गांधींनी प्रकल्पाचे उद्घाटन केले. डावा कालवा २०८ किलोमीटरचा. पैठण सोडून तो अंबड, घनसावंगीतून परभणीकडे जातो. पाण्यामागून ऊस आला, उसामागून कारखाना. अंकुशराव टोपे यांनी उभा केलेला समर्थ सहकारी साखर कारखाना महाकाळ्याच्या शिवारात, अंकुशनगरला. १ मे १९८१ रोजी औरंगाबादपासून वेगळा जालना जिल्हा झाला. कारखान्यांची धुराडी, कालव्याच्या भरावावरचे रस्ते, चाऱ्यांवरचे अरुंद पूल, असा हा नवा भूगोल एका पिढीत तयार झाला. त्यातले पूल मात्र बैलगाडीचा विचार करून बांधलेले.

बैलगाडीवरून आठवले. बैल जुंपलेली टायरगाडी मोटार वाहन नाही, म्हणून नियम ९३ तिला लागू नाही. बैलांच्या किमती वाढल्यावर काही भागांत एकाच ट्रॅक्टरमागे दोन-तीन टायरगाड्या जोडायची पद्धत निघाली. जुगाड म्हणतात तिला. आता कायद्यातली ट्रेलरची व्याख्या पाहा: मोटार वाहनाने ओढलेले किंवा ओढण्यासाठी असलेले कोणतेही वाहन. म्हणजे काल बैलामागे असताना जी गाडी कायद्याच्या बाहेर होती, ती आज ट्रॅक्टरच्या हुकाला अडकवल्याबरोबर ट्रेलर झाली; रुंदी, नोंदणी, दिवे, सगळे तिला चिकटले. गाडी तीच, ऊस तोच. गाडीवानाला हे कोणी सांगितले असण्याची शक्यता कमी.

आणि ऊस हा एकच माल या ट्रॉल्यांत जातो असे नाही. दसरा-दिवाळीनंतर बीड-जालन्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात तेव्हा त्याच ट्रॉलीत घर भरलेले असते. कोपीचे बांबू, चटया, ताडपत्री, पाण्याचे पिंप, भांडी, सरपण, शेळ्या, कोंबड्या, आणि सगळ्यांच्या वर कोयता म्हणून मोजले जाणारे जोडपे आणि त्याची पोरे. अमेरिकेत मिनेसोटासारख्या थंड राज्यांत हिवाळ्यात तळी गोठली की लोक चाकांवरची खोली गाडीमागे बांधून बर्फावर नेतात, तिच्या तळाला भोक पाडून मासे धरतात. त्या खोलीने रस्त्यावर किती जागा व्यापावी याची तिथे चर्चा होते. सर्वसाधारण मर्यादा साडेआठ फुटांची, म्हणजे २.५९ मीटर. आपल्याशी एका सेंटिमीटरचा फरक. युरोपात २.५५. जगभरात आकडा जवळपास एकच, कारण चाक आणि रस्ता सगळीकडे सारखेच. फरक आकड्यात नाही. मिनेसोटात ओढले जाणारे घर रिकामे असते आणि हौसेचे असते. आपल्याकडे त्या घरात माणसे बसलेली असतात, आणि मालाच्या ट्रॉलीतल्या माणसांना अपघातानंतर विमा कंपनी ओळख दाखवत नाही. उसाच्या ट्रॉलीचा दंड २०,००० आहे; हा प्रवास मात्र दरवर्षी मुकादमाच्या उचलीवर, पोलीस चौक्यांसमोरून, दिवसाढवळ्या होतो.

मग नियम पाळला का जात नाही? चालक बेफिकीर असतात, हे सोपे उत्तर आहे आणि ते निम्मेच खरे आहे. हंगामभर या व्यवसायात एकच गोष्ट मोजली जाते: टन. तोडणाऱ्याला टनावर मजुरी, मुकादमाला टनावर कमिशन, वाहतूकदाराला अंतर आणि टन यांवर भाडे, शेतकऱ्याला टनावर एफआरपी म्हणजे रास्त व किफायतशीर दर, आणि त्यातून तोडणी-वाहतुकीची कपातही टनावरच. वाहतूकदाराने ट्रॅक्टर कर्जावर घेतलेला असतो, टोळीला उचल दिलेली असते, एखादी टोळी ऐन हंगामात पळालेली असते. कारखान्याच्या तळावर नंबर लावून रात्र काढायची. दिवसाला एक खेप होणार की दोन, हे त्याच्या हातात नाही. त्याच्या हातात एवढेच की एका खेपेत किती भरायचे. काट्यावर वजन झाले की पावती हातात पडते. पावतीवर रुंदीचा रकाना नाही.

काट्यावरून महाराष्ट्रात किती वादळे उठली! काटामारीच्या तक्रारी, डिजिटल काट्यांची मागणी, भरारी पथके, शेतकरी संघटनांची आंदोलने. रुंदीवरून एकही आंदोलन ऐकिवात नाही. वजनाने ज्याचे नुकसान होते तो शेतकरी संघटित आहे. रुंदीने ज्याचे होते तो संध्याकाळी शिकवणीहून परतणारा सायकलस्वार आहे, आणि त्याची संघटना नाही.

रेल्वेने हा प्रश्न शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सोडवला. १९०० च्या सुमारास हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज मार्ग जालन्यावरून मनमाडला गेला. रेल्वेच्या मालधक्क्यांवर रुळांवर एक कमान टांगलेली असे. भरलेली वाघीण तिच्याखालून न्यायची. माल कमानीला लागला की वाघीण पुढे सुटणार नाही. मालाचा मालक कोण, घाई किती, यापैकी काही विचारले जात नसे. पुढे बोगदा होता, पूल होता, समोरून दुसरी गाडी येणार होती. आजही जादा मापाच्या मालाला रेल्वे स्वतंत्र परवानगी घ्यायला लावते. रस्त्यावरही समोरून दुसरी गाडी येतेच. फक्त तिथे चूक झाली तर रेल्वेचे नुकसान होत नाही, कोणा एका घराचे होते. म्हणून रस्त्यावर कमान उभी राहिली नाही.

ती कारखान्याच्या काट्यापाशी उभी राहायला हवी. रस्त्यात पोलिसाने ट्रॉली अडवून ऊस उतरवायला लावणे हे कायद्यात आहे, पण व्यवहारात ते अशक्यच. रात्री अकरा वाजता वडीगोद्रीच्या चौकात चार टन ऊस उतरवून ठेवणार कुठे आणि उचलणार कोण? शिवाय रस्त्यावरचा दंड देवाणघेवाणीचे नवे दुकान उघडतो. काट्यावर मात्र प्रत्येक ट्रॉलीला थांबावेच लागते. तिथे दोन खांब, वर आडवी पट्टी आणि २.६ मीटरवर लोंबणाऱ्या दोन साखळ्या एवढे पुरे. साखळी हलली की पावतीवर नोंद. आणि वाहतुकीचे भाडे ट्रॉलीच्या नोंदणीतल्या क्षमतेपुरतेच. वरच्या टनांचे शेतकऱ्याला पूर्ण पैसे, वाहतूकदाराला शून्य. जादा भरण्याचा फायदाच संपला की जादा कोणी भरणार नाही. उसाची लांबी मधून तोडून मोळी लहान करायची की ट्रॉलीत उभी रचायची, हे मग मुकादम आपोआप शोधून काढेल. त्याच्याएवढी रचनेची अक्कल कोणत्याही अभियंत्याला नाही.

यात खर्च आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. खेपा वाढतील, डिझेल वाढेल, वाहतूकदार दर वाढवून मागेल आणि तो वाढीव दर शेवटी एफआरपीतून वजा होईल. म्हणजे पाच एकर ऊस असलेला शेतकरी टनामागे काही रुपये कमी घेईल. आज ते पैसे वाचतात ते दुचाकीस्वाराच्या जिवावर, हे एकदा ताळेबंदात लिहिले की तो शेतकरी काय म्हणेल? मला वाटते तो कुरकुरेल आणि मान्य करेल, कारण त्याचाही मुलगा त्याच रस्त्याने अंबडला कॉलेजला जातो.

यासाठी विधानसभेत नवा कायदा आणण्याची गरज नाही. दर हंगामाला कारखान्याला पुण्यातल्या साखर आयुक्तांकडून गाळप परवाना घ्यावा लागतो. मागच्या वर्षीची एफआरपी थकली असेल तर तो परवाना अडतो, आणि तो अडल्यावर थकबाकी कशी पटापट निघते हे आपण पाहिले आहे. त्याच परवान्यात काट्यावरच्या कमानीची एक अट घालता येईल. पुढच्या हंगामाचे अर्ज भरण्याआधी ती घातली जावी.